पाना जागेवर आहे?

लढाई बघून आलेला माणूस कसा दिसतो, हे मला हिंदी सिनेमानं शिकवलं होतं. कपाळाला पट्टी, एक हात गळ्यात, नजर लांब कुठंतरी, आणि मागं व्हायोलिन. 1987 च्या जुलैत डिप्लोमाची गुणपत्रिका घेऊन मी भोसरीतल्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून चिकटलो, तेव्हा टाइम ऑफिसमधल्या माणसानं सांगितलं, "तुझे साहेब फौजी आहेत. पासष्ट आणि एकाहत्तर, दोन्ही लढाया बघितल्यात." मी मनातल्या मनात व्हायोलिन जुळवत मशीनशॉपमध्ये गेलो. साहेब दिसले, पण कमरेपासून खालीच. वरचा अर्धा भाग एका टरेट लेथच्या पोटाखाली होता. बाहेर खाकी पँट आणि तोंड बघावं असे चकाकणारे बूट.

"डिसमिस!" लेथखालून आवाज आला.

मी हादरलो. नोकरीला लागून सव्वा तास झाला होता. अजून हजेरीपटावर नाव चढायचं होतं. माझ्या चेहऱ्याकडं बघून शेजारच्या म्हाताऱ्या टर्नरला हसू आवरेना. त्यानं ट्रेमधला स्क्रू ड्रायव्हर उचलून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ह्याला डिसमिस म्हणत्यात. कालेजात सांगितलं न्हाय व्हय?" कालेजात सांगितलं नव्हतं. कालेजात त्याला स्क्रू ड्रायव्हर म्हणत आणि त्याचं चित्र काढायला लावत.

डिसमिस खाली गेला. मग एकोणीसचा पाना मागितला गेला. मी गडबडीत सतराचा दिला. तो तसाच परत आला.

"कोण आहे?"

"नवीन ट्रेनी, सर."

"शिक्षण?"

"डिप्लोमा."

"ठीक आहे, डिप्लोमा. एकोणीसचा."

झालं. त्या दिवसापासून माझं नाव डिप्लोमा पडलं. पुढं मी पार्टटाइम डिग्री केली, तीन कंपन्या बदलल्या, डोक्यावरचे केस गेले, तरी ते नाव गेलं नाही.

साहेबांना सगळा कारखाना सुभेदार म्हणायचा. हुद्द्यानं ते मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर होते, पण 'मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरसाहेब' अशी हाक मारेपर्यंत ड्रिल तुटतं. साताऱ्याकडचे. तिकडं आपशिंग्यासारखं गाव आहे, ज्याच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे, त्यामुळं अठरा पूर्ण झाली की पोरगं भरतीला जातं यात कुणाला काही विशेष वाटत नाही. हेही 1960 साली गेले. बंदुकीच्या हौसेनं गेले आणि हातात पाना आला, कारण भरती झाली ईएमईत. लष्करात जे जे मोडतं ते दुरुस्त करणारं हे खातं. 1943 साली उभं राहिलेलं, 'कर्म ही धर्म' हे त्याचं ब्रीद. सिकंदराबादला शिकवून त्यांना क्राफ्ट्समन केलं, आणि चोवीस वर्षांनी खडकीच्या 512 आर्मी बेस वर्कशॉपमधून ते पेन्शनवर आले.

मधल्या काळात त्यांनी एक गोष्ट केली, जिचं मला लढाईपेक्षा जास्त कौतुक वाटतं. ते एएमआयई झाले. नोकरी करता करता इंजिनिअर होण्याची ही परीक्षा कलकत्त्याची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स घेते. तिचं कार्यालय तिथल्या गोखले रोडवर आहे. कलकत्त्यात गोखले रोड असावा आणि तिथून नापास झाल्याचं पत्र साताऱ्याच्या माणसाला पठाणकोटला यावं, यात त्यांना मोठी गंमत वाटायची. "आपलेच गोखले, पण काही उपयोग झाला नाही," म्हणायचे. थर्मोडायनॅमिक्स त्यांनी मे महिन्यात पठाणकोटला तंबूत वाचलं. तिथं तो विषय वाचायला लागत नाही, नुसतं बसून राहिलं तरी समजतो. सगळे पेपर सुटायला सात वर्षं लागली.

तर असा हा एएमआयई माणूस 1984 साली आमच्या कारखान्यात मुलाखतीला आला, तेव्हा गेटवर त्याचं डिस्चार्ज बुक बघून विचारण्यात आलं, "सिक्युरिटी ना? ती लाइन तिकडं." साहेब मुकाट्यानं त्या लाइनीत जाऊन उभे राहिले. कारण हुकूम. लाइनीतल्या सात-आठ माजी सैनिकांशी राम राम झाले, कुणाची कुठली पलटण ते झालं, आणि नंबर आल्यावर समोरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "रात्रपाळी चालेल?" साहेब म्हणाले, "चालेल. पण मशीन कुठलं?" तेव्हा घोटाळा उघडकीला आला. हा किस्सा ते कडवटपणानं कधी सांगत नसत. फक्त शेवटी म्हणायचे, "लाइनीतली माणसं चांगली होती. दोघं व्हेईकल मेकॅनिक होते. बसले गेटवर." माजी सैनिक म्हणजे गेटवरचा माणूस असं कुणी बोललं, की मात्र ते पेटकरांचा दाखला काढत. मुरलीकांत पेटकर, सांगलीकडचे, ईएमईचेच. 1965 च्या लढाईत गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. पुढं टेल्कोत नोकरी केली. "आमच्या खात्यातला माणूस," साहेब सांगायचे, "बीएलआर झाला नाही."

हा बीएलआर समजून घ्यायला मला महिना लागला. लष्करात बिघडलेल्या वस्तूला अशी लेबलं लावतात. बीएलआर म्हणजे इथं दुरुस्त होणार नाही, मागच्या वर्कशॉपला पाठवा. आणि बीईआर म्हणजे दुरुस्तीचा खर्च वस्तूपेक्षा जास्त, भंगारात काढा. साहेब हे शब्द मशीनला वापरत, माणसांना वापरत, कँटीनच्या रश्श्यालाही वापरत. कँटीनचा रस्सा बीईआर होता. लेखा विभागातले एक गृहस्थ बीएलआर होते. पण कुठल्याही मशीनच्या बीईआरच्या कागदावर साहेबांनी सही केलेली मी पाहिली नाही. एका जुन्या मिलिंग मशीनचा कागद त्यांच्या टेबलावर तीन वर्षं पडून होता. त्याच्यावर ते चहाचा मग ठेवत.

मला लढाई ऐकायची होती. दुपारच्या सुट्टीत डबा उघडला की मी विषय काढायचा आणि साहेबांनी नटबोल्टवर जायचं, असं वर्षभर चाललं. मराठी माणसाला नट म्हटलं की बालगंधर्व आठवतात. साहेबांना व्हिटवर्थ आठवायचा. सर जोसेफ व्हिटवर्थ यानं 1841 साली इंग्लंडात स्क्रूच्या आट्यांचं माप ठरवलं, आट्याचा कोन 55 अंश. पुढं 1864 साली अमेरिकेत सेलर्स नावाच्या इंजिनिअरनं ठरवलं 60 अंश. पाच अंशांचा फरक. म्हणजे डोळ्यांना दिसायचा नाही, पण इंग्रजी बोल्ट अमेरिकन नटात जायचा नाही. दुसऱ्या महायुद्धात हे दोन देश खांद्याला खांदा लावून लढले, तेव्हा मोडलेल्या गाडीखाली निजलेल्या मेकॅनिकांना या पाच अंशांनी रडवलं. शेवटी 1948 साली इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनी बसून एक सामाईक आटा ठरवला. "हिटलरविरुद्ध यांचं जमलं," साहेब भाकरी मोडत म्हणायचे, "पण स्क्रूवर जमायला लढाई संपून तीन वर्षं लागली."

आणि या सगळ्याची निस्तरानिस्तर साताऱ्याच्या पोराच्या वाट्याला आली. पासष्टला सियालकोट आघाडीवर आपले सेंच्युरियन रणगाडे होते इंग्रजी. शेजारच्या रेजिमेंटचे शर्मन अमेरिकन. व्हिटवर्थचा पाना बोल्टच्या जाडीवरून ओळखायचा आणि अमेरिकन पाना नटाच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतरावरून. त्यामुळं दोन्ही पान्यांवर अर्धा इंच लिहिलेलं, पण एकाचा जबडा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा. एकाहत्तरला बदली बंगालच्या बाजूला, तर तिथं रशियन पीटी-76. पाण्यात तरंगणारा रणगाडा आणि सगळी मापं मिलिमीटरमध्ये. वर घड्याळांवर रशियन अक्षरं. तेवढ्यापुरते दोन शब्द साहेब शिकले होते. तेलाला 'मास्लो' आणि पाण्याला 'वदा'. पैकी दुसरा शब्द आमच्याकडच्या जवानांनी ऐकला तो 'वडा' असा. "वडा किती झालाय बघ रे," असं ओरडलं की पोरं इंजिनच्या पाण्याचं तापमान बघत आणि उसासे टाकत. लढाईची व्याख्या साहेबांनी मला अशी करून दिली होती: "निरनिराळ्या देशांचे नट एकाच पोत्यात आले की ती लढाई समजायची."

त्या हिशोबानं आमचा कारखानाही रणांगणच होता. एक लेथ इंग्रजी अमदानीतला, त्याचा लीडस्क्रू इंचाचा. दोन एचएमटी, मिलिमीटरवाले. एक रेडियल ड्रिल कुठल्या देशाचं होतं ते त्याच्यावरच्या पाट्या रंगाखाली गेल्यामुळं कुणालाच सांगता येत नव्हतं. मेट्रिकचा कायदा 1956 सालचा, पण डिसमिसवाला तो म्हातारा टर्नर अजून सुतात आणि थाऊत बोलायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा. मी ड्रॉइंगवर मिलिमीटर दाखवायचो, तो मनात थाऊ करायचा, जॉब करायचा, आणि इन्स्पेक्शनला जॉब बरोबर निघायचा. त्याच्या डोक्यात नक्की काय फिरायचं कुणास ठाऊक. साहेब आणि तो एकमेकांचे जिवलग होते. दोघं अनेक मापांत जगलेले.

साहेबांची शिस्त मात्र पचायला वेळ लागला. ते कामगारांना 'जवान' म्हणत. युनियनच्या पुढाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात हरकत घेतली, "आम्ही जवान नाही, कामगार आहोत." साहेब म्हणाले, "ठीक आहे, कामगार." आणि पुढच्याच वाक्यात, "जवान, तो चक घट्ट कर." पुढाऱ्यानं महिनाभर निषेध नोंदवला. मग एका रात्री हायड्रॉलिक पाइप फुटला, साहेब स्वतः तेलात आडवे झाले आणि पुढाऱ्याला त्यांनी बॅटरी धरायला लावली. दुसऱ्या दिवसापासून पुढारी त्यांना 'सुभेदारसाहेब' म्हणायला लागला आणि आपण जवान असल्याबद्दल त्यानं परत तक्रार केली नाही. कारखान्याच्या आवारात पाच-सहा गुलमोहर होते. एका सोमवारी येऊन बघतो तर सगळ्यांच्या बुंध्यांना खाली गेरू, वर चुना, आणि मधली रेघ ओळंब्यात. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. लष्करी माणसाला उघडं झाड बघवत नाही.

शिस्तीचा कळस म्हणजे पान्यांचा फळा. शॉपच्या भिंतीवर साहेबांनी सहा फुटांचा प्लायवूडचा फळा लावून घेतला होता. प्रत्येक हत्याराची बाह्याकृती त्यावर लाल रंगानं काढलेली. पान्याच्या जागी पान्याचा आकार, हातोड्याच्या जागी हातोड्याचा, पकडीच्या जागी पकडीचा. हत्यार न्यायचं तर स्वतःच्या नंबराचं पितळी टोकन त्या खिळ्याला अडकवायचं. पाळी सुटायच्या दहा मिनिटं आधी साहेब फळ्यासमोर येऊन उभे राहत. एकही लाल आकार उघडा दिसला तर पाळी सुटायची नाही. बसचा हॉर्न वाजतोय, बायकापोरं वाट बघतायत, आणि चाळीस माणसं एक बाराचा पाना शोधतायत. तो सापडायचा. कुठल्यातरी मशीनच्या बेडवर, कूलंटच्या ट्रेमध्ये, एकदा तर माझ्याच अॅप्रनच्या खिशात. शोधताना आम्ही साहेबांच्या चोवीस वर्षांच्या नोकरीचा हिशोब शिव्यांत करायचो.

नव्वदीच्या दशकात जपानी पद्धतींची लाट आली. टाय लावलेले एक सल्लागार मुंबईहून आले आणि त्यांनी पडद्यावर सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके अशी पाच नावं दाखवली. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, स्वच्छ करा, वगैरे. मग हत्यारांचे आकार काढलेल्या एका फळ्याचा फोटो दाखवून म्हणाले, जपानमध्ये बघा कशी कल्पना काढलीय. सगळ्या हॉलनं माना वळवून साहेबांकडं बघितलं. साहेब वहीत टिपून घेत होते. नंतर मी विचारलं, "साहेब, तुम्ही बोलला का नाही?" म्हणाले, "त्यांना सांगायचे पैसे मिळतात. मला करायचे." बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आलं, की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं कारखान्यात नव्यानं आलेल्या बायामाणसांना झटपट काम शिकवायला 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम काढला होता, आणि युद्धानंतर तोच जपानात गेला, टोयोटापर्यंत पोचला. म्हणजे लढाईच्या घाईगर्दीत निघालेली एक रीत जगाला वळसा घालून, टाय लावून, भोसरीत एका सुभेदाराला शिकवायला आली होती. हे मी साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "चहा घेणार?"

एका पंधरा ऑगस्टला जवळच्या शाळेनं त्यांना भाषणाला बोलावलं. विषय, 'रणांगणावरील माझे अनुभव'. मी मुद्दाम गेलो. म्हटलं इथं तरी ऐकायला मिळेल. साहेब कडक इस्त्रीत, छातीवर पदकं. मुलं डोळे विस्फारून बसलेली. साहेबांनी सुरुवातच केली, "सेंच्युरियनचं इंजिन मिटिऑर. बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर." मग हे इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचा जमिनीवरचा भाऊ कसा, ते झालं. मग गॅस्केट का फाटते. तिसरी ते सातवीच्या मुलांना त्यांनी चाळीस मिनिटांत गॅस्केट समजावून दिली. मुख्याध्यापिका घड्याळ बघत होत्या. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका पोरानं हिय्या करून विचारलं, "तुम्ही किती शत्रू मारले?" साहेबांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. म्हणाले, "एकही नाही. मी नट आवळायचो." टाळ्या थोड्या उशिरानं पडल्या. पण कार्यक्रमानंतर तोच पोरगा आपली सायकल ढकलत आला. चेन पडत होती. साहेबांनी पदकं खिशात घातली आणि तिथंच उकिडवे बसून चेन नीट केली. पुढच्या रविवारी त्यांच्या दिघीच्या घरासमोर नऊ सायकली उभ्या होत्या.

घरी काकूंची बाजू ऐकावी. "चोवीस वर्षं हे वर्षातून दोन महिने रजेवर यायचे," त्या सांगायच्या. "दोन महिने कसंही निभतं. मला वाटलं तेवढेच आहेत." पेन्शनवर आल्यावर पहिल्या आठवड्यात साहेबांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीनुसार लावले. काकूंना पोह्यांच्या डब्यात तूरडाळ मिळायला लागली. त्यांनी एकदाच सांगितलं, "हे माझं युनिट आहे." साहेबांनी कमांड ओळखली आणि परत त्या खोलीत हात घातला नाही.

मुलीच्या लग्नाच्या वेळची गोष्ट कारखान्यात अजून सांगतात. भोकाचं माप तपासायला प्लग गेज असतं. त्याचं एक टोक 'गो', ते भोकात गेलंच पाहिजे. दुसरं 'नो-गो', ते जाता कामा नये. साहेब एक स्थळ बघून आले. मुलगा शिकलेला, चांगल्या नोकरीत, नम्र. आम्ही विचारलं, काय झालं? साहेब म्हणाले, "सगळ्याला हो म्हणतो. हुंडा घेणार? नाही. देतो म्हटलं तर? बरं. मुलीनं नोकरी केली तर? करू दे. नाही केली तर? नको करू दे. अरे, नो-गोसुद्धा आत जातोय! भोक मोठं आहे. रिजेक्ट." नंतर जो जावई आला त्यानं पहिल्याच भेटीत साहेबांशी पेट्रोल आणि डिझेलवरून वाद घातला. पंधरा दिवसांत साखरपुडा झाला.

लढाई मला शेवटी ऐकायला मिळाली ती 1991 च्या पावसाळ्यात, तिसऱ्या पाळीला. रात्री दोनच्या सुमाराला वीज गेली. मशीनं थांबली की शॉपमध्ये जी शांतता पडते ती कानाला टोचते. आम्ही दोघं फळ्याखाली खोक्यांवर बसलो. साहेबांनी बॅटरी लावली आणि सवयीनं तिच्या तोंडावर बोटं धरली. प्रकाशाची एक चीर तेवढी फळ्यावर पडली. मग आपलं आपणच बोलायला लागले.

सियालकोट आघाडीवर, फिलोराच्या आसपास, पासष्टच्या सप्टेंबरची रात्र. एका सेंच्युरियनची पेट्रोलची जोडणी गळत होती. वर ताडपत्री, बॅटरीला कागद, तोंडात घाम. तेवीस वर्षांचं वय. काम झालं, पहाटे रणगाडा गेला. उजाडल्यावर पान्यांची कॅनव्हासची गुंडाळी उघडली तर एक कप्पा रिकामा.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पाना इंजिनच्या डब्यात राहिला."

आत कुठंही सरकला, कशातही अडकला, तर रणगाडा उभा राहणार. आणि तिथं उभा राहिलेला रणगाडा म्हणजे काय, ते मला सांगायची गरज नव्हती. आत चार माणसं. त्यातला ड्रायव्हर रात्री त्यांच्यासोबत जेवला होता. कुणाला सांगणार? वायरलेसवरून कळवणार, की माझा पाना राहिलाय? "त्या दिवशी तोफा जोरात चालू होत्या, असं सगळे म्हणतात," साहेब म्हणाले. "मला आठवत नाहीत. मला फक्त पत्र्यावर पाना वाजताना ऐकू येत होता. चार मैलांवरून."

संध्याकाळी रणगाडे परत यायला लागले. साहेब मोजत होते. तो सहावा आला. इंजिनवरची झाकणं हात लावू देत नव्हती इतकी तापलेली. वाकून बघितलं तर दोन नळ्यांच्या मधे, तळाला, पाना आडवा पडलेला. दिवसभरात हाललासुद्धा नव्हता. तोवर ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं साहेबांना मिठी मारली आणि म्हणाला, क्या इंजन बनाया यार, दिनभर एक बार नहीं रोया. आणि आपल्या पिशवीतले मूठभर शक्करपारे त्यानं साहेबांच्या हातावर ठेवले.

"मग?"

"खाल्ले. खावे लागले."

बराच वेळ पाऊस वाजत राहिला पत्र्यावर. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि अजून डोक्यातून सिनेमा गेला नव्हता, म्हणून विचारलं, "तो पाना तुम्ही जपून ठेवला असेल ना, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी सतराचा पाना दिला होता तेव्हा बघितलं असतं, लेथ मधे नसता तर.

"सरकारी माल. स्टोअरला जमा केला. सही आहे."

वीज आली. सहाला पाळी सुटताना मी फळ्यासमोर जाऊन स्वतः मोजले. सगळे लाल आकार झाकलेले होते. त्यानंतर पाना शोधताना मी शिव्या दिल्या नाहीत असं नाही, पण जरा हळू दिल्या.

आता साहेबांचं वय त्र्याऐंशी. काकू गेल्या त्याला चार वर्षं झाली. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी ठेवले होते तसेच आहेत, पोह्यांच्या डब्यात पोहे. मागच्या पडवीत मात्र एक फळा आहे, कारखान्यातल्या फळ्याचा नातू म्हणावा एवढा. गेल्या महिन्यात गेलो होतो. गप्पा झाल्या, गुडघ्यांच्या झाल्या, पेन्शनच्या झाल्या. ऐकायला कमी येतं, पण पंख्याच्या बेअरिंगचा आवाज मात्र माझ्याआधी त्यांना आला. निघताना बघितलं तर माझ्या गाडीच्या नंबरप्लेटचा एक स्क्रू सैल झालेला, पाटी लोंबकळत होती. म्हटलं, "साहेब, फुलीचा डिसमिस आहे का?"

"टोकन?"

"साहेब, दोन मिनिटांत देतो परत."

"टोकन, डिप्लोमा."

खिशात काहीच नव्हतं अडकवण्याजोगं. शेवटी गळ्यातलं कंपनीचं कार्ड काढलं. जनरल मॅनेजर, ऑपरेशन्स, आणि खाली दहा वर्षांपूर्वीचा केस असलेला फोटो. साहेबांनी ते चष्मा वर करून नीट वाचलं आणि डिसमिसच्या लाल आकारावर, खिळ्याला लटकवलं.

स्क्रू घट्ट केला. तेवढ्यात चाकणहून फोन आला, लाइन थांबली होती. बोलता बोलता गाडीत बसलो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या गेटवर गाडी अडली. आमच्या गेटवरचे बहुतेक सगळे माजी सैनिक आहेत. हा नवा होता, ताठ, मिशीला पीळ.

"साहेब, कार्ड?"

खिसे चाचपले. वरच्या खिशात हाताला डिसमिस लागला. मग त्याला सगळं सांगावंच लागलं, दिघी, फळा, सुभेदार, टोकन. मागं गाड्यांची रांग लागली होती. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. कुठलं खातं सुभेदारांचं, एवढं विचारलं. मी म्हटलं, ईएमई. त्यानं मान हलवली, फाटकाचा दांडा काही वर केला नाही.

"मग आधी डिसमिस जमा करून या, साहेब."